बिनमेणाच्या स्कीला चढावर पकड कशी मिळवावी?

विश्वामित्रीकाठ (बडोदे) – 9 नोव्हेंबर, रात्री 9.40

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी आणि जावई कॅनडात ओटावाला राहतात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे नऊ आठवडे होतो आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिथे क्रॉस-कंट्री स्की, म्हणजे सपाट आणि चढउताराच्या वाटांवरून स्कीवर सरकत चालणे, शिकायला सुरुवात केली. नदीपलीकडे गॅटिनो पार्क आहे. तिथे हिवाळ्यात सुमारे 200 किलोमीटरचे मार्ग यंत्राने दाबून, स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडून तयार ठेवतात. झाडीतून जाणाऱ्या त्या शांत वाटांचे मला वेडच लागले. येत्या 4 जानेवारीला पुन्हा जाणार आहे आणि त्याआधी एक अडचण सोडवायची आहे.

माझी स्की बिनमेणाची, म्हणजे तळाला मधोमध माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेली आहे. एका दुकानातून जुनी, वापरलेली घेतली. लांबी 200 सेंटीमीटर. दुकानदाराने माझी उंची मोजली आणि जोडी हातात दिली. सपाटीवर ठीक चालते, पण जरासा चढ आला की रेटा देणारा पाय सर्रकन मागे जातो. मग मी काठ्यांवर भार देऊन स्वतःला वर ओढतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. जावई मेण लावलेल्या स्कीवर त्याच चढावर सहज पुढे निघून जातो आणि वर थांबून वाट पाहतो.

या खवल्यांवर काही लावावे का, स्कीच बदलावी का, की दोष माझ्या पद्धतीत आहे? माझे वजन 62 किलो आहे. बडोद्यासारख्या सपाट आणि उष्ण गावात बसून दोन महिन्यांत काही तयारी करता येत असेल, तर तेही कृपया सांगावे.

राजवाड्याजवळ (इंदूर) – 9 नोव्हेंबर, रात्री 10.15

मी कधी स्की केलेले नाही, पण प्रश्न वाचून कुतूहल वाटले. एकच वस्तू पुढे सरकली पाहिजे आणि मागे सरकता कामा नये, हे एकाच तळावर कसे साधतात? आणि मेण तर वस्तू गुळगुळीत करते. त्याने पकड कशी वाढते?

उत्तरवात (मूळ बडोदे, सध्या नॉर्वे) – 10 नोव्हेंबर, पहाटे 3.05

काका, नमस्कार. माझे माहेर बडोद्याचे. गेली अकरा वर्षे मी नॉर्वेत आहे आणि दर हिवाळ्यात स्की करते. सविस्तर लिहिते, कारण आपली अडचण फार जणांना येते आणि तिचे मूळ बहुतेकदा खवल्यांत नसते.

आधी इंदूरच्या प्रश्नाचे उत्तर. मेण दोन प्रकारचे असते. एक घसरण्यासाठी, ते स्कीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला लावतात. दुसरे पकडीचे, ते चिकट असते आणि फक्त पायाखालच्या पट्ट्याला लावतात. पायाने दाबले की हिमाचे कण त्या मेणात किंचित रुततात आणि स्की मागे जात नाही. भार काढला की कण सुटतात. हिम जितके थंड आणि ताजे, तितके मेण कठीण लागते. त्यामुळे तापमान बदलले की मेण बदलावे लागते. ही कटकट नको म्हणून खवले आले. माशाच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर तो सहज जातो, उलटा फिरवला तर अडतो. इथेही तेच तत्त्व आहे. काही स्कीवर खवले तळाच्या वर उठलेले असतात, काहींवर तळात कोरलेले. उठलेले खवले पकड जास्त देतात, पण वेग थोडा कमी करतात.

आता मुख्य मुद्दा. स्की सपाट फळी नसते. जमिनीवर ठेवून बाजूने पाहिलीत तर मध्यभागी ती धनुष्यासारखी वर उचललेली दिसेल. ही कमान मुद्दाम ठेवलेली असते. दोन्ही पायांवर समान भार देऊन घसरताना खवल्यांचा पट्टा हिमापासून जवळजवळ अधांतरी राहतो, म्हणून स्की पळते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान चपटी होते, खवले हिमात रुततात आणि पकड मिळते. आपल्या वजनाच्या मानाने कमान ताठ असेल तर खवले हिमापर्यंत पोहोचतच नाहीत. मग ते कितीही धारदार असले तरी त्यांचा उपयोग शून्य. म्हणून स्की उंचीवरून नव्हे, वजनावरून निवडायची असते.

हे घरी तपासता येते. कडक, सपाट फरशीवर दोन्ही स्की ठेवा आणि बूट जिथे बसतो तिथे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. दुसऱ्या कुणाला साधा कागद एका स्कीखाली सरकवायला सांगा. टाचेपासून बोटांच्या पुढे वीतभर ते दोन वितींपर्यंत कागद मोकळा सरकला पाहिजे. मग सगळा भार त्या एकाच पायावर, चवड्यावर घ्या. आता कागद घट्ट अडकला पाहिजे. एका पायावरही तो सुटून येत असेल तर ती स्की आपल्यासाठी ताठ आहे. उलट दोन्ही पायांवर उभे असतानाच कागद हलत नसेल तर ती मऊ आहे: पकड भरपूर देईल, पण सपाटीवर रखडेल.

विश्वामित्रीकाठ (बडोदे) – 10 नोव्हेंबर, सकाळी 8.20

ताई, इतक्या रात्री इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. कमानीचे हे गणित मला कुणीच सांगितले नव्हते. स्की मात्र ओटावाला मुलीच्या तळघरात आहेत. तिचे वजन 54 किलो आहे. तिने पाठीवर 8 किलो तांदळाची पिशवी घेऊन माझ्या बुटांत उभे राहिले तर चाचणी माझ्या वजनाची होईल ना? रविवारी करायला सांगतो.

उत्तरवात – 10 नोव्हेंबर, दुपारी 1.30

अगदी योग्य. फक्त पिशवी पाठीशी घट्ट बांधायला सांगा, लोंबकळता कामा नये.

पाठीवरच्या ओझ्यावरून आठवले. इथे रेना ते लिलेहामर अशी 54 किलोमीटरची बिर्केबाइनर शर्यत होते. तिच्यात प्रत्येक स्पर्धकाला किमान 3.5 किलोची पिशवी पाठीवर न्यावी लागते. 1206 साली दोन योद्ध्यांनी लहानग्या राजपुत्राला डोंगरातून स्कीवर सुखरूप नेले, त्या बाळाची आठवण म्हणून हे ओझे. त्या शर्यतीसाठी स्की निवडताना पिशवीचे वजन धरावे लागते, कारण तेवढ्यानेही कमान अधिक दबते. काका, फिरायला जाताना आपण पाठीवर पाणी आणि डबा नेत असाल तर तेही वजनात धरा.

लश्करकर (ग्वाल्हेर) – 10 नोव्हेंबर, रात्री 8.50

सैन्यातील नोकरीत मी गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये हिवाळी प्रशिक्षण घेतले आहे आणि पुढे काही वर्षे जवानांना शिकवलेही आहे. उत्तरवात यांचे म्हणणे बरोबर आहे, पण साधनाकडे पाहण्याआधी पायाकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. योग्य स्कीवरही नवा माणूस घसरतो आणि त्याच्या चुका जवळजवळ नेहमी त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे मागे ढकलणे. 'रेटा' म्हटले की माणूस पाय मागे ओढतो. रेटा मागे द्यायचा नसतो, खाली द्यायचा असतो. खवल्यांना खाली दाबले तरच ते पकडतात; आडवे ढकलले की स्की निसटणारच. दुसरी चूक वेळेची. दोन्ही पावले एकमेकांशेजारी येतात, त्या क्षणी रेटा सुरू झाला पाहिजे. बहुतेक जण पाऊल मागे गेल्यावर रेटा देतात, तेव्हा भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो आणि कमान पुन्हा वर उठलेली असते. तिसरी चूक टाचेची. खवल्यांचा पट्टा टाचेपासून पुढे जातो; टाच घाईने उचलली तर मागचा भाग लगेच सुटतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंबर. चढ दिसला की माणूस घाबरून कमरेत वाकतो, नजर स्कीच्या टोकावर लावतो आणि त्याचे बूड मागे जाते. भार टाचेच्याही मागे गेल्यावर पट्टा दबणार कसा? वाकायचे ते घोट्यातून. नडगी पुढे झुकलेली, कंबर पुढे, छाती मोकळी, नजर चढाच्या माथ्यावर. चढावर घसरण्याचा मोह सोडून द्यावा आणि हलके धावल्यासारखी छोटी, जलद पावले टाकावीत.

मी जवानांच्या काठ्या काढून घेत असे. काठ्यांशिवाय शंभर पावले चढ चढता आला की समजावे, भार पायावर येऊ लागला. विश्वामित्रीकाठ, आपले खांदे भरून येतात यावरूनच दिसते की पायांचे काम हात करत आहेत.

राजवाड्याजवळ – 10 नोव्हेंबर, रात्री 9.30

लश्करकर साहेब, गुलमर्गला पुढच्या वर्षी जाण्याचा विचार आहे. तिथे या प्रकारचे स्की शिकता येते का?

लश्करकर – 10 नोव्हेंबर, रात्री 9.55

गुलमर्ग आणि औली, दोन्ही ठिकाणी पर्यटकांना प्रामुख्याने उतारावरचे स्की शिकवतात. त्याचे बूट टाचेसह बांधलेले असतात. क्रॉस-कंट्रीत टाच मोकळी असते आणि स्की अरुंद. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत गुलमर्गला हा प्रकार 2020 पासून आहे आणि सेनादलांचे खेळाडू त्यात पुढे असतात. 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये जगदीश सिंग भारताकडून याच खेळात उतरले होते. मात्र त्यांची 15 किलोमीटरची शर्यत मुक्त शैलीची, म्हणजे बाजूला रेटा देत स्केटिंगसारखी होती, आणि त्या शैलीत खवलेही नसतात, पकडीचे मेणही नसते. जाण्याआधी साहित्य कोणते मिळेल, हे विचारून घ्यावे.

विश्वामित्रीकाठ – 16 नोव्हेंबर, सकाळी 7.10

चाचणी झाली. मुलीने तांदळाची पिशवी पाठीला बांधली, जावयाने कागद सरकवला आणि मला दूरध्वनीवर सगळे दाखवले. दोन्ही पायांवर भार असताना कागद बुटाच्या पुढे हातभर मोकळा फिरत होता. एका पायावर भार घेतल्यावर कागद थोडा अडला, पण जावयाने ओढताच निघून आला. दोन्ही स्कीवर तीन-तीन वेळा करून पाहिले.

म्हणजे संपूर्ण हिवाळा मी अशा स्कीवर चढ चढत होतो, ज्यांचे खवले हिमाला जेमतेम शिवत होते. वाईट वाटले, पण कारण सापडल्याचे समाधान अधिक आहे.

नेहरूनगर (इंदूर) – 16 नोव्हेंबर, सकाळी 11.45

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि लेकाकडे मिनेसोटाला दोन हिवाळे राहून हा खेळ थोडा शिकलो आहे. उत्तरवात साधनावर भर देतात आणि लश्करकर पद्धतीवर. मला वाटते दोघांचे म्हणणे एकाच ठिकाणी येऊन मिळते.

समजा, एखाद्या स्कीची कमान पूर्ण दबायला 70 किलो भार लागतो. 62 किलोचा माणूस नुसता उभा राहून ती दाबू शकणार नाही. पण माणूस आपल्या वजनापेक्षा अधिक भार क्षणभर देऊ शकतो. घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि झटकन उसळी घेतल्यासारखे सरळ व्हा. वाकताना काटा आधी खाली येतो आणि उसळीच्या क्षणी वजनाच्या बराच वर जातो. लश्करकर ज्याला 'खाली रेटा' म्हणतात, तो हाच क्षण. शर्यतीतले खेळाडू ताठ स्की वापरू शकतात ते यामुळेच: त्यांचा रेटा जोरकस आणि अचूक वेळेचा असतो. तासन्‌तास रमतगमत फिरणाऱ्या माणसाने प्रत्येक पावलाला अशी उसळी घ्यावी, ही अपेक्षा योग्य नाही. त्याला नुसता भार बदलताच दबणारी स्की हवी.

आणखी एक गोष्ट. चढावर गुरुत्वाकर्षणाचा एक भाग आपल्याला मागे ओढतो आणि स्कीवर लंब पडणारा भार किंचित कमी होतो. म्हणजे पकडीची गरज वाढते आणि ती निर्माण करणारा दाब घटतो. सपाटीवर 'ठीक चालणारी' स्की चढावर अचानक दगा देते, ती यामुळे.

गारठा (ग्वाल्हेर) – 16 नोव्हेंबर, दुपारी 4.20

स्की बदलणे खर्चाचे काम आहे. माझा भाऊ व्हरमाँटला असतो. तो खवल्यांवर क्लिस्टर लावतो आणि त्याला कडक बर्फावरही पकड मिळते. क्लिस्टर म्हणजे नळीतून निघणारे, मधासारखे घट्ट आणि चिकट मेण. काकांनी आधी हा उपाय करून पाहावा, असे सुचवतो.

उत्तरवात – 16 नोव्हेंबर, रात्री 11.10

गारठा, मी या सल्ल्याशी सहमत नाही. निदान काकांच्या बाबतीत तरी नाही.

इथे हिम आणि बर्फ हा फरक लक्षात घेतला पाहिजे. आकाशातून पडलेले, कणांचे मोकळे आवरण म्हणजे हिम. ते वितळून पुन्हा गोठले की गोलसर, कडक दाणे होतात आणि शेवटी काचेसारखा थर बनतो. त्याला मी बर्फ म्हणते. खवल्यांना रुतायला मऊ हिम लागते, बर्फावर ते निकामी ठरतात. तिथे क्लिस्टर खरोखर पकडते, आपल्या भावाचा अनुभव खरा आहे. पण ओटावाला जानेवारीत रात्रीचे तापमान उणे 15 अंशांच्या आसपास सहज जाते आणि हिम वारंवार पडते. तशा ताज्या, कोरड्या हिमात क्लिस्टर लावलेली स्की घेऊन गेलात तर पट्ट्याला हिमाचा गठ्ठा चिकटेल आणि पाऊल उचलणे कठीण होईल. शिवाय खवल्यांच्या खोबणीतून ते काढायला द्रावक आणि भरपूर चिंध्या लागतात. ते हातमोज्यांना, पिशवीला, गाडीच्या आसनाला, सगळीकडे लागते.

आणि मूळ मुद्दा राहतोच. पट्टा हिमाला टेकत नसेल तर त्यावर काहीही लावले तरी फरक पडणार नाही.

गारठा – 17 नोव्हेंबर, सकाळी 9.00

शेवटचे वाक्य पटले. भाऊ वजनदार आहे, त्याची स्की पूर्ण दबत असणार. मात्र तो सकाळच्या बर्फाळ वाटेबद्दल जे सांगतो, ते उपयोगाचे ठरेल: दिवसा वितळून रात्री गोठलेल्या खाचेत खवले पकडत नसतील तर खाच सोडून शेजारच्या मोकळ्या हिमात एक पाय टाकावा, किंवा उन्हाने वरचा थर सैल होईपर्यंत, दहा-अकरा वाजेपर्यंत थांबावे.

लश्करकर – 17 नोव्हेंबर, सकाळी 9.40

अगदी योग्य सल्ला. तीव्र चढावर तर पकडीची अपेक्षाच सोडावी. टोके बाहेर, टाचा जवळ, आतल्या कडा हिमात रोवून माशाच्या काट्यासारखी पावले टाकत चढावे. तेही जमेना तर आडवे उभे राहून पायरी-पायरीने. अडीअडचणीत आम्ही स्कीला पायाखाली दोरीचे दोन-तीन वेढेही घातले आहेत. वेग संपतो, पण माणूस वर पोहोचतो.

नेहरूनगर – 17 नोव्हेंबर, दुपारी 12.15

शून्य अंशाच्या जवळपास आणखी एक अडचण येते, तिचाही उल्लेख करतो. ओलसर, नवे हिम खवल्यांत अडकून गोठते आणि स्कीखाली पांढरा गोळा तयार होतो. आपण घसरण्याऐवजी उंच टाचांवर चालू लागतो. यासाठी खवल्यांवर घसरणीचे द्रवरूप मेण पुसतात. आश्चर्य वाटेल, पण पकडीच्या पट्ट्यावर घसरणीचे मेण लावण्याचा फायदाच होतो: खवले मोकळे राहतात, म्हणून पकडतात. 'बिनमेणाची' या नावाने फसून लोक स्कीला काहीच लावत नाहीत. पुढच्या-मागच्या भागाला घसरणीचे मेण हवेच, आणि खवले मऊ ब्रशने स्वच्छ ठेवले पाहिजेत. झाडांचा चीक आणि धूळ त्यांत बसली की धार बोथट होते.

सुरसागर (बडोदे) – 18 नोव्हेंबर, रात्री 10.05

मी स्की कधी पाहिलीही नाही, पण बडोद्यात लहानपणापासून आखाड्यात मल्लखांब केला आहे आणि आता मुलांना शिकवतो. खांबाला एरंडेल लावलेले असते. नवी मुले पकड सुटू लागली की हातांनी खांब आवळतात आणि आणखी घसरतात. शिकवावे लागते ते हे, की पकड मांडीच्या दाबात असते आणि दाब योग्य क्षणी, योग्य जागी यावा लागतो. व्यायामशिक्षणासाठी नावाजलेल्या प्रोफेसर माणिकरावांच्या परंपरेतल्या या गावात मला वाटते विश्वामित्रीकाठ यांची अर्धी तयारी इथेच होऊ शकेल. एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याचा सराव रोज करावा. कंबर पुढे ठेवून भार एका पायावरून दुसऱ्या पायावर पूर्णपणे नेणे, हे फरशीवरही शिकता येते.

विश्वामित्रीकाठ – 19 नोव्हेंबर, सकाळी 6.50

सुरसागर, आजपासूनच सुरुवात केली. डाव्या पायावर अठरा सेकंद टिकलो, उजव्यावर चाळीस. गेल्या हिवाळ्यात माझा रेटा डाव्या पायाचाच अधिक निसटत असे, ते आता लक्षात आले. एक प्रश्न: चाकांच्या स्की मिळतात, असे वाचले. आमच्या भागातल्या नव्या रस्त्यावर पहाटे रहदारी नसते. त्या घ्याव्यात का?

उत्तरवात – 19 नोव्हेंबर, दुपारी 2.20

काका, दमसासासाठी त्या उत्तम आहेत, पण पकड शिकण्यासाठी घेऊ नका. त्यांचे एक चाक मागे फिरतच नाही, अडून बसते. त्यामुळे रेटा कितीही उशिरा आणि कसाही दिला तरी पकड मिळते. चुकीची सवय तिथे लपते आणि हिमावर उघडी पडते. शिवाय त्यांना बहुधा ब्रेक नसतो आणि रस्ता कठीण. त्यापेक्षा हातात काठ्या घेऊन चढावर चालणे फार चांगले.

सुरसागर – 19 नोव्हेंबर, रात्री 9.15

मग आपला पावागडचा डोंगर आहेच. रविवारी पहाटे निघू, मी बरोबर येतो. पायऱ्या सोडून उताराची वाट धरू आणि लश्करकरांनी सांगितल्याप्रमाणे नडगी पुढे, कंबर पुढे, नजर माथ्यावर.

लश्करकर – 20 नोव्हेंबर, सकाळी 8.30

उत्तम. निम्मा चढ काठ्यांसह, निम्मा काठ्यांशिवाय. आणि टाच जमिनीला पूर्ण टेकल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

विश्वामित्रीकाठ – 21 डिसेंबर, रात्री 8.30

पाच रविवार पावागड झाला. डावा पाय आता पन्नास सेकंद टिकतो. नव्या स्कीबद्दल शेवटची शंका विचारतो. जावई म्हणतो, खवल्यांऐवजी स्किनची स्की घ्या. आपले मत काय?

उत्तरवात – 22 डिसेंबर, पहाटे 1.40

तळाच्या पकडीच्या पट्ट्यात केसाळ कापडाची चिंचोळी पट्टी बसवलेली असते, ती स्किन. केस मागच्या दिशेने झुकलेले असतात, त्यामुळे पुढे सरकतात आणि मागे अडतात. पट्टी मोहेअरची (अंगोरा बकरीच्या लोकरीची), नायलॉनची किंवा दोन्हींच्या मिश्रणाची असते. मोहेअर अधिक चांगले सरकते, नायलॉन अधिक पकडते आणि टिकते. कडक, बर्फाळ खाचेत स्किन खवल्यांपेक्षा नक्कीच भरवशाची, आणि आवाजही करत नाही. इथे आता बहुतेक हौशी लोक त्याच वापरतात. पण किंमत जास्त, पट्टी झिजते, आणि शून्याजवळच्या ओल्या हिमात तीही गोठू शकते, म्हणून तिच्यावरही द्रव फवारावा लागतो. मऊ, खोल, न दाबलेल्या हिमात भटकायचे असेल तर मी अजूनही खवलेच घेईन.

आपण दाबलेल्या मार्गांवरच फिरणार असाल तर स्किन घ्या. मात्र दोन्ही बाबतीत कागदाची चाचणी दुकानातच करा. ती न करता कुणी जोडी हातात दिली तर घेऊ नका. एक गोष्ट आणखी पाहा: काही नव्या बाइंडिंग (बूट स्कीला अडकवण्याची खोबण) पट्टीवर पुढे-मागे सरकवता येतात. पुढे सरकवल्या की पकड वाढते, मागे नेल्या की घसरण. शिकणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो.

विश्वामित्रीकाठ (सध्या ओटावा) – 11 जानेवारी, रात्री 9.00 ओटावा वेळ

मंडळी, इथे पोहोचून आठवडा झाला. आल्यावर दुसऱ्याच दिवशी एका वेगळ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने आधी वजन विचारले, मग पाठीवर काय नेता ते विचारले, आणि मला चक्क एका फळीवर उभे करून स्कीखाली पातळ पत्रा सरकवून पाहिला. तीन जोड्या नाकारल्यावर चौथी जमली. लांबी 190 सेंटीमीटर, जुन्यापेक्षा मऊ. स्किनची जोडी मला परवडणारी नव्हती, म्हणून खवल्यांचीच घेतली, उठलेल्या खवल्यांची. बाइंडिंग सरकणारी आहे. सध्या ती एक खूण पुढे ठेवली आहे.

पहिल्या दिवशी उणे 9 अंश होते, रात्रीचे ताजे हिम. ज्या चढावर मागच्या वर्षी मी चार वेळा थांबत असे, तिथे खवले करकरत पकडताना पायाला जाणवले. तो स्पर्श शब्दांत सांगणे कठीण आहे. पाऊल खाली दाबले आणि जमिनीने ते धरून ठेवले, असे वाटले. सपाटीवर मात्र जुनी जोडी अधिक पळत होती, हे मान्य करतो.

चौथ्या दिवशी उलट अनुभव आला. आदल्या दुपारी पाऊस पडून रात्री सगळे गोठले होते आणि खाचा आरशासारख्या चमकत होत्या. नवी स्कीही मागे गेली. गारठा यांचे शब्द आठवले, खाच सोडून कडेच्या हिमातून चढलो आणि एका वळणावर लश्करकरांची माशाच्या काट्याची चाल धरली. जावई मेणाच्या स्कीवर माझ्याही मागे राहिला, कारण त्या दिवसासाठी त्याने चुकीचे मेण लावले होते.

राजवाड्याजवळ – 12 जानेवारी, सकाळी 10.20

काका, वाचून फार आनंद झाला. डाव्या पायाचे काय?

विश्वामित्रीकाठ – 12 जानेवारी, सकाळी 8.10 ओटावा वेळ

अजूनही दहा पावलांत एकदा निसटतो. जावयाने मागून चित्रफीत घेतली, तिच्यात स्पष्ट दिसते की डाव्या बाजूला माझी टाच लवकर उठते.

लश्करकर – 12 जानेवारी, रात्री 8.00

चित्रफितीपेक्षा काठ्या घरी ठेवणे अधिक शिकवील. शंभर पावले.

विश्वामित्रीकाठ – 19 जानेवारी, संध्याकाळी 5.30 ओटावा वेळ

आज काठ्या गाडीतच ठेवल्या. उणे 11 अंश, दोन दिवसांपूर्वीचे हिम, चांगले दाबलेले. पहिल्या प्रयत्नात एकतीसवर डावा पाय निसटला. दुसऱ्यात चौसष्टवर. तिसऱ्या वेळी प्रत्येक डाव्या पावलाला 'टाच' असे मोठ्याने म्हणत गेलो. मुलगी मागून मोजत होती. एकशे सातवर चढ संपला.

लश्करकर – 20 जानेवारी, सकाळी 7.15

आता बाइंडिंग एक खूण मागे घ्यावी आणि तोच चढ पुन्हा मोजावा.